जुन्या टाइमशेअरची खरेदी : आधी नोंद, मग रक्कम

गोदावरीच्या घाटावर उतरणारा यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी जात आला आहे. तेथे नाव, गाव आणि कुळ सांगितले म्हणजे उपाध्याय आपली वही काढतात, त्या घराण्यातील पूर्वी येऊन गेलेल्या माणसांच्या नोंदी शोधतात आणि नोंद जुळली म्हणजे पुढील कार्याला आरंभ होतो. ही पद्धत सांगणाऱ्याच्या शब्दावर अविश्वास म्हणून रूढ झालेली नाही. तोंडी शब्दापेक्षा लेखी नोंद अधिक टिकाऊ असते, एवढेच तिचे कारण. मुक्कामासाठी पैसे मोजण्याचा एक नवा व्यवहार अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत शिरला आहे. त्यात या जुन्या शिस्तीची आठवण ठेवणे अगत्याचे झाले आहे.

नाशिक जिल्हा आज केवळ तीर्थक्षेत्र म्हणून ओळखला जात नाही. त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगगडाबरोबरच गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षबागा व वाइनरी आणि इगतपुरीच्या डोंगररांगांतील रिसॉर्ट यांनीही पर्यटकांना आकर्षित केले आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे मुक्कामाच्या खोल्यांना मागणी वाढणार, हे उघड आहे. अशा वातावरणात "वर्षातून सात दिवस उत्तम रिसॉर्टमध्ये मुक्काम, तोही मूळ किमतीच्या निम्म्या दरात" अशा आशयाची जाहिरात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकली, तर तिच्याकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. सेवानिवृत्तीनंतर उपदानाची रक्कम हाती आलेले शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे हीच अशा जाहिरातींची प्रमुख लक्ष्ये असतात. कष्टाने साठविलेला पैसा यात गुंतत असल्यामुळे या व्यवहाराचे स्वरूप नीट समजावून घेणे आवश्यक आहे.

टाइमशेअर म्हणजे काय?

एखाद्या रिसॉर्टमधील खोली किंवा सदनिका वर्षातील ठरावीक काळ, बहुधा एक आठवडा, अनेक वर्षे वापरण्याचा हक्क एकरकमी अथवा हप्त्यांनी पैसे भरून मिळविणे, यास टाइमशेअर म्हणतात. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात युरोपात उदयास आली आणि तेथून अमेरिकेत पसरली. एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घेण्याची सोय करणारी आरसीआय ही संस्था १९७४ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. भारतात १९८० नंतरच्या दशकात या व्यवसायाने मूळ धरले. स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ही कंपनी १९८६ मध्ये, तर महिंद्र हॉलिडेज ही कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली.

या योजनांची मुदत निरनिराळी असते. काही योजना २५ वर्षांच्या असतात, तर काही जुन्या योजना ९९ वर्षांच्या आहेत. खोलीचा आकार आणि हंगाम यांनुसार सभासदत्वाचे प्रकार पाडलेले असतात. उन्हाळ्याच्या सुटीत व दिवाळीत मुक्काम हवा असेल, तर त्या हंगामाचे सभासदत्व लागते आणि ते महाग असते. याखेरीज दरवर्षी देखभालीचे शुल्क भरावे लागते. मुक्कामाला गेले अथवा न गेले, तरी ते सामान्यतः टळत नाही.

फेरविक्रीचा प्रश्न येथूनच निर्माण होतो. मुले मोठी होऊन परगावी किंवा परदेशी स्थायिक होतात, वयोमानाने प्रवास झेपत नाही, आणि वार्षिक शुल्काचे देयक मात्र नियमाने येत राहते. असा सभासद आपला हक्क दुसऱ्यास विकू इच्छितो. म्हणून फेरविक्रीचा प्रत्येक प्रस्ताव फसवा असतो, असे मुळीच नाही. तथापि विक्रेता प्रामाणिक असला, तरी केवळ तेवढ्यावरून व्यवहार सुरक्षित ठरत नाही. त्याचे कारण या हक्काच्या मूळ स्वरूपातच आहे.

वस्तू नव्हे, करार

जुना ट्रॅक्टर घेताना तो अंगणात उभा करून पाहता येतो आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद आपल्या नावे करून घेता येते. शेतजमीन घेतल्यास सातबारावर फेरफार होतो. टाइमशेअरला असा सातबारा नाही. भारतातील बहुतेक योजनांत सभासदास खोलीची मालकी मिळत नाही. त्याला मिळतो तो कंपनीबरोबरच्या करारातून आलेला वापराचा हक्क. म्हणजे जुना टाइमशेअर विकत घेणारा माणूस वस्तुतः खोली घेत नसून दुसऱ्याने पूर्वी केलेल्या करारात त्याच्या जागी जाऊन उभा राहत असतो. त्या करारातील सोयी त्याच्या वाट्याला येतात, तशाच जबाबदाऱ्याही येतात.

भारतीय करार अधिनियम, १८७२ खालील प्रस्थापित तत्त्वानुसार करारातील दायित्वे दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून तिसऱ्या व्यक्तीवर सोपविता येत नाहीत. यावरून हे स्पष्ट होते की, विकणारा आणि घेणारा यांनी मुद्रांकित कागदावर कितीही सह्या केल्या, तरी कंपनीने हस्तांतरास लेखी मान्यता देऊन आपल्या दप्तरी नवे नाव नोंदविल्याखेरीज खरेदीदारास खोली मिळण्याची हमी नाही. या नोंदीसाठी कंपनी हस्तांतर शुल्क घेऊ शकते आणि थकलेले वार्षिक शुल्क आधी भरण्यास सांगू शकते. मूळ सभासदास दिलेल्या काही सवलती, उदाहरणार्थ इतर रिसॉर्टमध्ये अदलाबदलीची सोय, दुसऱ्या सभासदास लागू होतीलच असे नाही.

एखाद्या योजनेत स्थावर मालमत्तेतील प्रत्यक्ष हिस्सा विकला जात असल्याचा दावा असेल, तर मात्र प्रश्न वेगळा होतो. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये नोंदवावा लागतो. असा दावा करणाऱ्याकडे नोंदणीकृत दस्ताची मागणी करावी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची खातरजमा करून घ्यावी. दस्त दाखविता येत नसेल, तर तो दावा सोडून द्यावा हेच इष्ट.

स्वस्ताईचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २५ वर्षांच्या एका सभासदत्वाची मूळ किंमत चार लाख रुपये होती. त्यातील १३ वर्षे संपली असून १२ उरली आहेत. विक्रेता दीड लाख रुपये मागतो. वरकरणी हा सौदा फायद्याचा दिसतो. पण वार्षिक शुल्क २० हजार रुपये असेल आणि ते पुढे एका रुपयानेही वाढणार नाही असे धरले, तरी १२ वर्षांत २ लाख ४० हजार रुपये भरावे लागतील. एकूण खर्च ३ लाख ९० हजार रुपये झाला. दरवर्षी सात याप्रमाणे ८४ रात्रींवर तो विभागला, तर एका रात्रीस सुमारे ४,६४० रुपये पडतात. आजारपण, मुलांच्या परीक्षा वा आरक्षण न मिळणे यांमुळे १२ पैकी आठच वर्षे मुक्काम घडला, तर हाच दर सुमारे ६,९६० रुपयांवर जातो. हस्तांतर शुल्क, वस्तू व सेवा कर, भोजन आणि प्रवास यांचा खर्च वेगळाच.

तेवढ्याच दर्जाची खोली हवी त्या दिवशी, हवी तेथे किती भाड्याने मिळते, याची चौकशी करून दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडले म्हणजे निर्णय पुष्कळसा आपोआप होतो. ज्या कुटुंबाला दरवर्षी सहलीस जाण्याची खरोखर सवय आहे, त्याला हा व्यवहार परवडूही शकेल. पण "निम्मी किंमत" या दोन शब्दांवर भुलून तो करू नये.

पॅनकार्ड क्लब्ज प्रकरणाचा धडा

करारामागील कंपनीच कोलमडली, तर हाती केवळ कागद उरतो, हे महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन अनुभविले आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड या कंपनीने ठरावीक रात्रींच्या मुक्कामाच्या नावाने लोकांकडून रकमा गोळा केल्या. आयकर विभागाच्या पॅनकार्डाशी या कंपनीचा काही संबंध नव्हता. मुदतीअखेर मुक्काम न केल्यास भरलेल्या रकमेहून अधिक परतीची रक्कम मिळेल, असे योजनेचे स्वरूप होते. सुटीच्या नावाखाली ही वस्तुतः नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असा निष्कर्ष भारतीय रोखे व विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने काढला. २९ फेब्रुवारी २०१६ रोजीच्या आदेशाने सेबीने सुमारे ७,०३५ कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करण्यास कंपनीला फर्माविले. गुंतवणूकदारांची संख्या ५१ लाखांहून अधिक होती. २०१७ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने कंपनीचे अपील फेटाळले, तर २०२२ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. पैसा परत मिळण्याची वाट किती लांबची असते, हे या तारखांवरूनच दिसून येते.

या प्रकरणातून एक साधी कसोटी हाती लागते. सुटीची योजना मुक्कामाविषयी बोलत असेल, तर ती सेवा आहे. ती परताव्याविषयी, रक्कम वाढण्याविषयी वा "केव्हाही चढ्या भावाने विकता येईल" असे बोलू लागली, की ती गुंतवणूक झाली. सामूहिक गुंतवणूक योजना चालविण्यास सेबीची नोंदणी आवश्यक असते. म्हणून तेथे पहिला प्रश्न नोंदणी प्रमाणपत्राचा विचारावा.

ऑनलाइन व्यवहारातील सापळे

पूर्वी विक्रेता दारात येत असे. त्याचा चेहरा, पत्ता व ओळखीचा माणूस यांपैकी काहीतरी हाती राही. आता जाहिरात, बोलणी आणि पैसे देणे हे सर्व भ्रमणध्वनीवर उरकते. त्यामुळे ठकांचे काम सोपे झाले आहे. दुसऱ्याच्या सभासदत्वाच्या कागदांची छायाचित्रे दाखवून विक्री करणे, कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते संकेतस्थळ उभारणे, ग्राहक सेवेचा खोटा क्रमांक प्रसिद्ध करणे आणि "आज सायंकाळपर्यंतच हा दर" अशी घाई करणे, हे नेहमीचे मार्ग आहेत.

केवळ खरेदीदारच नव्हे, तर विक्रेताही यात फसतो. "तुमच्या सभासदत्वास गिऱ्हाईक तयार आहे, केवळ प्रक्रिया शुल्क व कर आधी भरा" असा दूरध्वनी येतो. रक्कम भरली, की दुसरे शुल्क निघते, मग तिसरे. गिऱ्हाईक मात्र कधीच अवतरत नाही. हा प्रकार जगभर चालतो. मेक्सिकोतील पुएर्तो व्हायार्ता या पर्यटनस्थळी अमेरिकन टाइमशेअरधारकांना याच रीतीने लुबाडणाऱ्या गुन्हेगारी टोळीशी संबंधित कंपन्यांवर अमेरिकेच्या वित्त विभागाने एप्रिल २०२३ मध्ये निर्बंध घातले. पैसे "मिळण्यासाठी" क्यूआर संकेत स्कॅन करून पिन टाकण्यास सांगणे हा आपल्याकडील आणखी एक प्रकार आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, एवढे घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवले तरी अशी फसवणूक टळेल.

युरोपीय संघाने २००८ च्या निदेशान्वये टाइमशेअरच्या ग्राहकास करारातून बाहेर पडण्यासाठी १४ दिवसांची मुदत दिली आहे. फेरविक्रीस मदत करणाऱ्या मध्यस्थाला प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ग्राहकाकडून पैसे घेण्यास त्यात मनाई आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून येथील ग्राहकाने हा नियम स्वतःच स्वतःला घालून घेतला पाहिजे.

खरेदीपूर्वी करावयाची तपासणी

१. विक्रेत्याकडून मूळ करार, सभासदत्व क्रमांक, ओळखपत्र आणि वार्षिक शुल्काच्या अलीकडील पावत्या मागवाव्यात. करार दोघांच्या नावे असल्यास दोघांची संमती घ्यावी. मूळ सभासद मृत असल्यास वारसांची कागदपत्रे पाहावीत.

२. कंपनीशी स्वतः संपर्क साधावा. त्यासाठी विक्रेत्याने दिलेला क्रमांक वापरू नये. मूळ करारावरील पत्ता अथवा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदलेला पत्ता वापरावा. ती कंपनी अस्तित्वात आहे की नाही, हेही त्या संकेतस्थळावरून कळते.

३. विक्रेत्याच्या संमतीने कंपनीकडून पुढील बाबी लेखी मागवाव्यात : सभासदत्व चालू आहे काय, किती वर्षे उरली, हंगाम व खोलीचा प्रकार कोणता, थकबाकी वा कर्जाचे हप्ते बाकी आहेत काय, हस्तांतर शुल्क किती आणि कोणत्या सवलती नव्या सभासदास मिळणार नाहीत.

४. वार्षिक शुल्क वाढविण्याचे कलम आणि सभासदत्व सोडून देण्याचे कलम लक्षपूर्वक वाचावे. नवे सभासदत्व घेतल्यास काही कंपन्या करार रद्द करण्यासाठी थोड्या दिवसांची मुदत देतात. फेरविक्रीत तशी सोय गृहीत धरू नये.

५. ज्या आठवड्यात जाण्याचा मानस आहे, त्या आठवड्याचे आरक्षण प्रत्यक्षात मिळते काय, याची विक्रेत्याच्या समक्ष चाचणी घ्यावी. कागदावरील हक्क आणि मिळणारी खोली यांतील अंतर त्यावरून समजते.

६. हस्तांतरास कंपनीची लेखी मान्यता येईपर्यंत कोणतीही आगाऊ रक्कम, मग ती "टोकन" म्हणून का असेना, देऊ नये. रक्कम बँकेमार्फत आणि सभासदाच्याच नावे असलेल्या खात्यात भरावी. तिसऱ्याच्या खात्यात पैसे मागितले गेल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

७. जाहिरात, संदेश, पावत्या आणि करार यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

यांतील तिसरी आणि सहावी बाब काटेकोरपणे पाळली, तरी बहुतांश धोके दूर होतात. जो विक्रेता खरा आहे, त्याला कंपनीकडे चौकशी केल्याचा राग येण्याचे कारण नाही.

कायद्याचा आधार

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याअन्वये ग्राहक जेथे राहतो अथवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणून कंपनीचे कार्यालय परराज्यात असले, तरी नाशिक जिल्ह्यातील ग्राहकास नाशिकच्याच आयोगाकडे दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार संबंधित व्यापारी मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे.

तथापि येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. ग्राहक कायदा हा व्यापारी व सेवा देणारा यांच्याविरुद्ध आहे. एका खासगी व्यक्तीने दुसरीस आपले सभासदत्व एकदाच विकले आणि त्यात वाद उद्भवला, तर विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपलब्ध होत नाही. दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि फसवणूक असल्यास पोलिसांकडे. फेरविक्रीत पूर्वतपासणीला अधिक महत्त्व आहे, ते याच कारणाने.

ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी ती गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लाजेपोटी केलेला एका दिवसाचा विलंब महागात पडू शकतो. ग्राहक सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. ठेवीच्या स्वरूपात पैसे गोळा केले असल्यास महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ लागू होऊ शकतो. नाशिक येथे २०१६ मध्ये दाखल झालेल्या मैत्रेय समूहाच्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने एस्क्रो खाते उघडण्यात आले आणि त्यातून काही ठेवीदारांना रक्कम परत मिळाली. ज्यांनी पावत्या जपल्या होत्या, त्यांना आपला दावा सिद्ध करणे सोपे गेले असेल, हे सांगावयास नको.

गावपातळीवरील जबाबदारी

अशा फसवणुकीत पैशाबरोबर विश्वासही जातो. एका शिक्षकाने सभासदत्व घेतले, की त्याच्या शब्दावर सहकारी घेतात आणि पुढे नातेवाईक घेतात. ज्याच्या शब्दाला गावात मान आहे, त्याने तो शब्द कोणत्याही योजनेसाठी खर्च करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ग्रामपंचायत अधिकारी व सदस्यांना १९३० आणि १९१५ हे क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लावता येतील. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी ग्रामसभेत वा शाळेत या विषयाची माहिती देता येईल. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना प्रतिरात्र खर्चाचे वरील उदाहरण गणित म्हणून सोडविण्यास द्यावे. घरातील भ्रमणध्वनी बहुधा त्यांच्याच हाती असतो आणि आजीआजोबांना सावध करण्याचे काम ते उत्तम रीतीने करू शकतात. सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर ही तपासणीची यादीही हाती दिली, तर ती भेट निरुपयोगी ठरणार नाही.

सहल आणि विसावा ही चैन नव्हे. आयुष्यभर राबलेल्या माणसाला त्याचा हक्कच आहे. तो हक्क विकत घेताना मात्र ज्याच्या दप्तरी नोंद व्हावयाची, त्या कंपनीलाच आधी विचारावे. नोंद जुळली, तर पैसे देण्यास एक आठवडा उशीर झाल्याने काही बिघडत नाही. नोंद जुळली नाही, तर त्या एका आठवड्याने घरातील पुंजी वाचविलेली असते.